पदवी एकच, पगार वेगवेगळे: पदवीधरांमधली ही दरी आली कुठून?

जून-जुलै आला की अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि घराघरांत महाविद्यालयांची माहितीपत्रकं जमू लागतात. एका पानावर इमारत, एका पानावर प्रयोगशाळा. ज्या पानावर आईवडिलांची नजर थांबते तिथे मोठ्या अक्षरांत 'सर्वोच्च पॅकेज' छापलेलं असतं आणि त्याखाली 'सरासरी पॅकेज'. सर्वोच्च पॅकेज एखाद्याच मुलाला मिळालं असणार, हे सगळ्यांना कळतं. त्यामुळे निर्णय बहुतेकदा दुसऱ्या आकड्यावर होतो. 'आपल्या मुलीला साधारण एवढं तरी मिळेल' असं तो सांगतोय, असं वाटतं.

प्रत्यक्षात तो तसं काही सांगत नाही. एक कल्पित वर्ग घेऊ. नोकरी मिळालेले ६० विद्यार्थी. त्यांपैकी ४२ जणांना वर्षाला साडेतीन लाख, १२ जणांना सात लाख, चौघांना बारा लाख आणि दोघांना प्रत्येकी ४४ लाख. सगळ्यांची बेरीज ३६७ लाख. तिला साठने भागलं की सरासरी येते सुमारे ६ लाख १२ हजार. माहितीपत्रकावर '६.१ लाख' छापलं तर त्यात एका पैशाचंही खोटं नाही. पण साठांपैकी ४२ जण, म्हणजे ७० टक्के मुलं, या सरासरीच्या बरीच खाली आहेत. पगाराप्रमाणे सगळ्यांना रांगेत उभं केलं तर बरोबर मधे असलेल्याच्या हातात साडेतीनच लाख आहेत. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात. माहितीपत्रकात तो क्वचितच दिसतो. आणि ज्यांना नोकरीच लागली नाही, ते तर या साठांत धरलेलेच नाहीत.

साडेतीन लाख म्हणजे महिन्याला सुमारे २९ हजार. कंपनी ज्याला पॅकेज म्हणते त्यात भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम असं बरंच काही धरलेलं असतं, त्यामुळे खात्यात जमा होतात ते याहून कमी. दुसरीकडे शिक्षणासाठी आठ लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजानं सात वर्षांत फेडायचं असेल, तर हप्ता येतो साधारण १३,३०० रुपये. हिंजवडीतली खोली, मेस आणि बस वजा करून बघा. सरासरीचा आकडा धरून कर्ज काढलेल्या घराचा हिशेब इथे चुकतो.

वर्ग कल्पित असला तरी त्याची ठेवण खरी आहे. २०१० च्या आसपास मोठ्या आयटी सेवा कंपन्या नव्या अभियंत्याला वर्षाला तीन ते सव्वातीन लाख देत होत्या. आज तो आकडा साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. याच काळात बाजारातल्या किमती दुपटीहून अधिक वाढल्या. म्हणजे खऱ्या अर्थानं हा पगार निम्म्याच्या जवळपास आला. २०२४ मध्ये एका मोठ्या आयटी कंपनीनं अभियांत्रिकी सोडून इतर शाखांच्या पदवीधरांसाठी वर्षाला २.५२ लाखांची जाहिरात दिली, तेव्हा समाजमाध्यमांवर तिची खूप टिंगल झाली. पण त्याच क्षेत्रात वरच्या टोकाचे पगार वाढतच गेले आहेत. आता तर एकाच कंपनीत एकाच वर्षी आत येणाऱ्या मुलांचे दर वेगळे असतात. टीसीएसमध्ये नव्या अभियंत्यांसाठी 'निंजा', 'डिजिटल' आणि 'प्राइम' असे तीन दरवाजे आहेत. पहिल्यात साडेतीन लाखांच्या आसपास, दुसऱ्यात सुमारे सात, तिसऱ्यात नऊच्या पुढे.

पदवी तीच, अभ्यासक्रम तोच, कधी कधी बाकही तोच. मग ही फाकत कशामुळे?

शिकलेले आणि न शिकलेले: जुनी गोष्ट

पगारांतल्या विषमतेबद्दल अर्थतज्ज्ञ बराच काळ एक गोष्ट सांगत आले आहेत. तिचा गाभा डच अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गन यांचा. अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल १९६९ मध्ये ज्या दोघांना मिळालं, त्यांतले हे एक. ते म्हणाले, शिक्षण आणि तंत्रज्ञान यांची शर्यत चालू असते. तंत्रज्ञान पुढे गेलं की शिकलेल्या माणसांची मागणी वाढते. शाळा-महाविद्यालयांतून तेवढी माणसं बाहेर पडली नाहीत, तर जी आहेत त्यांचा भाव चढतो. माणसं भरपूर निघाली, तर भाव उतरतो.

अमेरिकेत ही शर्यत आकड्यांत दिसते. १९७० च्या दशकात तिथे पदवीधरांची संख्या एकदम वाढली आणि पदवीचा फायदा घटला, इतका की रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये 'अति शिकलेला अमेरिकन' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. पुढच्याच दशकात चित्र उलटलं. संगणक कचेऱ्यांत शिरले, पदवीधरांची वाढ मंदावली आणि पदवीधर व शालेय शिक्षणावर थांबलेले यांच्यातलं अंतर झपाट्यानं वाढलं. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या जवळपास शंभर वर्षांच्या इतिहासावर ही शर्यत मांडून दाखवली. भारतातल्या शहरांबद्दलही असंच काहीसं दिसलं. योको किजिमा यांनी १९८३ ते १९९९ या काळातली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणं तपासली, तेव्हा पगारातल्या वाढत्या विषमतेमागे उच्च शिक्षणाचा वाढता मोबदला हे एक मोठं कारण निघालं.

आपल्याकडे सगळ्यांच्या मनात आजही हीच गोष्ट आहे. 'शीक, म्हणजे पुढे जाशील.' ती खोटी नाही. पण तिच्यात पदवीधर हा एकच गठ्ठा आहे. या गठ्ठ्याच्या आत काय चाललंय, ते तिच्यात दिसत नाही.

अमेरिकेची आकडेवारी बारकाईनं पाहणाऱ्यांना ते हळूहळू दिसू लागलं. थॉमस लेमियू यांनी २००६ मध्ये १९७३ ते २००५ ची आकडेवारी मांडली. सारखं शिक्षण आणि सारखा अनुभव असलेल्या लोकांमधली विषमता मुख्यतः महाविद्यालयीन शिक्षण झालेल्यांमध्येच वाढली होती. कमी शिकलेल्यांच्या आपापसांतल्या पगारांत तशी फाकत पडली नव्हती. आणि २००० नंतर तर पदवीधर आणि बाकीचे यांच्यातलं अंतर वाढणं जवळपास थांबलं, पदवीधरांच्या आतलं अंतर मात्र वाढत राहिलं. थोडक्यात, 'पदवी आहे का?' या प्रश्नापेक्षा 'पदवी घेऊन नेमकं काय करता?' हा प्रश्न पगार ठरवू लागला.

खतावणी, टॅली आणि दोन बी. कॉम.

का, हे समजायला संगणक कंपनीत जायची गरज नाही. एखाद्या लहान शहरातल्या चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत चला.

चाळीस वर्षांपूर्वी अशा कचेरीत चार-पाच बी. कॉम. झालेली माणसं असायची. रोजकीर्द लिहायची, तिच्यावरून खतावणी करायची, महिनाअखेरीला तेरीज काढायची आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर रात्री उशिरापर्यंत चूक शोधत बसायचं. सव्वीस पैशांचा फरक सापडेपर्यंत चहाच्या किती फेऱ्या व्हायच्या, हे त्या पिढीला विचारा. हे काम नीट करायला शिक्षण लागायचं, चिकाटी लागायची, आणि ते करणाऱ्याला मान होता. पण त्याचा एक गुणधर्म होता: ते नियमांनी बांधलेलं होतं. काय आलं की कुठे मांडायचं, हे आधीच ठरलेलं. जे काम नियमांत लिहून काढता येतं, ते यंत्राला शिकवता येतं.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टॅली आलं. एकदा व्हाउचर भरलं की खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं आपोआप. चार दिवसांचं काम एका कळीवर आलं.

हाच मुद्दा डेव्हिड ऑटर, फ्रँक लेव्ही आणि रिचर्ड मरनेन यांनी २००३ मध्ये एका निबंधात मांडला आणि या विषयाकडे पाहण्याची रीतच बदलली. त्यांचं म्हणणं असं की, तंत्रज्ञान अख्खी नोकरी गिळत नाही, नोकरीतली कामं एकेक करून उचलतं. ठरावीक साच्यातली कामं यंत्र करू लागतं. ज्या कामांत अंदाज, वाटाघाट, समजूत, नवा प्रश्न सोडवणं लागतं, ती माणसाकडे राहतात. आणि ती करणाऱ्या माणसाला यंत्रामुळे उलट बळ मिळतं.

आता त्याच कचेरीतले दोन बी. कॉम. बघा. एकजण दिवसभर बिलं बघून टॅलीत नोंदी भरतो. त्याच्या कामाचा अवघड भाग, म्हणजे मेळ घालणं, सॉफ्टवेअरनं काढून घेतला. उरलेलं काम कोणीही महिनाभरात शिकू शकतो, त्यामुळे त्याचा पगार जेमतेम हलतो. दुसरी जीएसटीच्या नोटिशींना उत्तरं देते, पुरवठादारानं विवरणपत्र न भरल्यानं अडकलेलं टॅक्स क्रेडिट सोडवते, ग्राहकाला धंद्याची रचना बदलायचा सल्ला देते. पूर्वी तिला माहितीसाठी खतावणीची वाट पाहावी लागली असती. आता सगळी खाती समोर तयार आहेत, म्हणून ती एका दिवसात पाच ग्राहक बघते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तिची मागणी आणखी वाढली. एकाच सॉफ्टवेअरनं एकाचा भाव उतरवला, दुसरीचा चढवला. पदवी दोघांचीही बी. कॉम.च.

यात एक गोष्ट सहज निसटते. जुन्या कचेरीत सगळे सुरुवात खतावणीपासूनच करायचे. कंटाळवाणं काम होतं, पण त्यातूनच व्यापाऱ्याचा धंदा कळायचा, कुठली नोंद संशयास्पद आहे हे नजरेला शिकवलं जायचं. ती पायरी गेली. नोटिशीला उत्तर देणारी माणसं कुठून तयार होणार, हा प्रश्न उरला. या प्रश्नाकडे पुढे परत येऊ.

हिंजवडीचा पिरॅमिड

आयटीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. इथे आणखी दोन गोष्टी मिसळल्या: माणसांचा प्रचंड पुरवठा आणि कंपन्यांच्या धंद्याची रचना.

पुरवठ्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. इन्फोसिस पुण्यात सुरू झाली त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि त्याच सुमारास ती बंगळुरूला हलली. पुढे नव्वदच्या दशकाअखेरीस 'वायटूके'च्या भीतीनं परदेशी कंपन्यांना जुने प्रोग्रॅम तपासून घ्यायचे होते आणि स्वस्तात ते करणारे इंग्रजी जाणणारे अभियंते इथे तयार होते. तालुक्याच्या गावातून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलांना तेव्हा जे पगार मिळाले ते वडिलांच्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराहून जास्त होते. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा पदवीवरचा विश्वास त्या काळात पक्का झाला.

पण सेवा कंपनीचा धंदा पिरॅमिडसारखा असतो. वर थोडी माणसं ग्राहकाशी बोलतात, रचना ठरवतात. खाली मोठा थर कोड लिहितो, टेस्टिंग करतो, आलेली तिकिटं बंद करतो, जुनी प्रणाली चालू ठेवतो. ग्राहकाकडून पैसे माणसांच्या तासांवर मिळतात, त्यामुळे तळाला नवी, स्वस्त मुलं जितकी जास्त तितका नफा बरा. तळातलं काम मुद्दाम असं बेतलेलं असतं की तीन-चार महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर कुणालाही देता यावं. म्हणजे साच्यातलं काम. अशा कामाला टॅलीचाच नियम लागतो. टेस्टिंगची साधनं आली, क्लाउड आलं, आणि पूर्वी दहाजण करायचे ते तिघं करू लागले. त्यात रांगेत लाखो उमेदवार. तळाचा पगार पंधरा वर्षं गोठला याचं मला फार आश्चर्य वाटत नाही. इतक्या गोठलेल्या पगारासाठी एवढी वर्षं एवढी मोठी रांग लागत राहिली, याचं जास्त वाटतं.

वरच्या टोकाला उलटं घडतं. ज्या अभियंत्याचा कोड थेट कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये चालतो, त्याच्या कामात पाच टक्के सुधारणा झाली तरी कंपनीला मोठा फायदा होतो. पूर्वी उत्तम गायक गावापुरता कमवायचा, ध्वनिमुद्रण आल्यावर तोच सगळ्या देशाला ऐकू जाऊ लागला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गायकाची जागा आक्रसली. शिकागोचे शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये या प्रकाराचं अर्थशास्त्र मांडलं होतं. सॉफ्टवेअरला ते तंतोतंत लागू पडतं. परदेशी कंपन्यांनी भारतात थेट उघडलेली केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, त्यांची संख्या २०२४ पर्यंत १,७०० च्या वर गेली आणि तिथे सुमारे १९ लाख लोक काम करतात. यांतली बरीच केंद्रं सेवा कंपन्यांपेक्षा जास्त पगार देतात, पण सगळ्या महाविद्यालयांत मुलं निवडायला जात नाहीत.

वरच्या टोकाला पोचलेल्यांनाही फार निश्चिंत राहता येत नाही. डेव्हिड डेमिंग आणि कादीम नोरे यांनी अमेरिकेतल्या अभियांत्रिकी व संगणक पदवीधरांचे पगार वयानुसार तपासले. इतर शाखांच्या तुलनेत त्यांचा फायदा नोकरीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पहिल्या दहा वर्षांत तो बराच ओसरतो. कारण त्यांनी शिकलेलं तंत्र जुनं होतं, आणि नवं तंत्र शिकून आलेली बावीस वर्षांची मुलं बाजारात उभी असतात.

पण दोष तंत्रज्ञानाचाच का?

इथे जरा थांबायला हवं, कारण ही गोष्ट ऐकायला इतकी पटते की सगळंच तिच्या माथी मारलं जातं.

१९९३ मध्ये ॲलन क्रूगर यांनी दाखवलं की अमेरिकेत कामावर संगणक वापरणाऱ्यांना, तसंच शिक्षण असलेल्या इतरांपेक्षा १० ते १५ टक्के जास्त पगार मिळतो. निष्कर्ष सरळ वाटला: संगणक आला तर पगार वाढतो. चार वर्षांनी जॉन डिनार्डो आणि यॉर्न-स्टेफन पिश्के यांनी जर्मनीची आकडेवारी घेतली. तिथेही संगणक वापरणाऱ्यांना जास्त पगार होता. पण कामावर पेन्सिल वापरणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच जास्त होता. टेलिफोन वापरणाऱ्यांना होता, आणि बसून काम करणाऱ्यांनाही होता. पेन्सिल दिली म्हणून कुणाचा पगार वाढत नाही. ज्यांना आधीच बरी नोकरी असते, त्यांच्या टेबलावर पेन्सिल असते. गावोगावच्या 'कोडिंग शिका, पगार दुप्पट करा' या फलकांखाली हा निबंध चिकटवायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. डेव्हिड कार्ड आणि डिनार्डो यांनी २००२ मध्ये विचारलं, संगणकाचा प्रसार तर नव्वदच्या दशकात आणखी वेगानं झाला, मग विषमतेची मोठी उडी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच का? त्या दशकात अमेरिकेतलं किमान वेतन महागाईच्या मानानं घसरलं होतं. म्हणजे नियमही बदलले होते.

तिसरी गोष्ट कंपन्यांची. अमेरिकेतल्या १९७८ ते २०१३ च्या पगारांच्या नोंदींवर जे साँग, निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. उत्पन्नातल्या विषमतेची सुमारे दोन तृतीयांश वाढ कंपन्या-कंपन्यांमधली होती. एका कंपनीच्या आत शिपाई आणि साहेब यांच्यात जेवढी दरी रुंदावली त्याहून जास्त 'चांगली कंपनी' आणि 'साधी कंपनी' यांच्यात रुंदावली. चांगल्या पगाराची माणसं चांगल्या पगाराच्या कंपन्यांत गोळा होत गेली. मग प्रश्न कौशल्याचा राहत नाही, त्या कंपनीच्या दारापर्यंत कोण पोचतो याचा होतो.

आणि आपल्याकडे त्या दारावर इंग्रजी उभी असते. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांनी २००५ च्या देशव्यापी सर्वेक्षणावरून हिशेब मांडला. शिक्षण, वय, सामाजिक गट अशा बाबी सारख्या धरूनही, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त होती. थोडंफार इंग्रजी येणाऱ्यांची १३ टक्के. लातूर किंवा नंदुरबारच्या मराठी माध्यमातून आलेली मुलगी चाचणीत कोड बरोबर लिहिते, पण गटचर्चेत गप्प राहते, तेव्हा तिचं नेमकं काय मोजलं गेलं? तंत्रज्ञानानं परदेशातलं काम इथे आणलं आणि त्यासोबत इंग्रजीचा भावही वाढवला, एवढं म्हणता येईल. पण ते कौशल्य कुणाकडे असावं हे मात्र तंत्रज्ञानानं ठरवलेलं नाही. ते घर, गाव, शाळा यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

तेव्हा माझं मत असं: तंत्रज्ञान ताणतं, पण कापड कुठे फाटणार हे आधीची वीण ठरवते. साच्यातलं काम आणि विचाराचं काम यांच्यातलं अंतर यंत्रानं वाढवलं. कोण कुठल्या बाजूला जाणार, हे पुरवठा, कंपनी, भाषा आणि ओळखीपाळखी यांनी ठरवलं.

एआय आल्यावर दरी वाढेल की कमी होईल?

आतापर्यंतच्या अभ्यासांतून दोन उलट उत्तरं आली आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

पहिलं उत्तर आशेचं. शॅक्ड नॉय आणि व्हिटनी झांग यांनी २०२३ मध्ये ४५३ पदवीधर व्यावसायिकांना लेखनाची कामं दिली, काहींना चॅटजीपीटी वापरू दिलं. वापरणाऱ्यांचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाचला आणि कामाचा दर्जा १८ टक्क्यांनी सुधारला. जे आधी कमी पडत होते त्यांना जास्त फायदा झाला, म्हणजे अंतर आकसलं. एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचं काम तपासलं. एआयची मदत मिळाल्यावर सरासरी उत्पादकता १४ टक्क्यांनी वाढली, नवख्यांची ३४ टक्क्यांनी. मुरलेल्यांच्या कामात फारसा फरक पडला नाही. मुरलेल्यांची हातोटी जणू यंत्रानं नवख्यांच्या हातात दिली.

दुसरं उत्तर याच ब्रिन्यॉल्फसन यांचं, २०२५ मधलं. या वेळी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पगारपत्रकांच्या नोंदी पाहिल्या. २०२२ च्या अखेरीनंतर, सॉफ्टवेअर किंवा ग्राहकसेवेसारख्या एआयला सर्वांत जवळच्या कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी घटला होता. त्याच कामांतल्या वयानं मोठ्या लोकांना तशी झळ बसली नव्हती. आणि फरक पगारात कमी, भरतीत जास्त दिसला.

दोन्ही एकत्र वाचा. जे आत आहेत त्यांच्यातलं अंतर यंत्र कमी करतं. पण नवखा माणूस यंत्राच्या मदतीनं पटकन तयार होतो तसं नवख्यांचं कामही यंत्र करू शकतं, म्हणून आत येण्याचा दरवाजाच अरुंद होतो. सगळ्यांना खतावणीपासून सुरुवात करायला लावणारी कचेरी आठवा. पहिली पायरी काढली तर दुसऱ्या पायरीवरच्यांचे पगार काही काळ छान दिसतील. दहा वर्षांनी त्या पायरीवर कोण असेल?

भारतीय आयटीचा पिरॅमिड तर तळावरच उभा आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कपात जाहीर केली. कंपनीनं कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणं असल्याचं सांगितलं, आणि कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या थरात होती. त्यामुळे अमेरिकेतला नमुना इथे जसाच्या तसा लावता येत नाही. इथे पिरॅमिडचा मधला भाग बारीक होतो आहे की तळ, हे ठरायला अजून काही वर्षं जावी लागतील.

तोवर एक दरी पगाराच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही: वाट पाहण्याची. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर होती. पस्तिशीपुढे ती पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे शेवटी बहुतेकांना काहीतरी काम मिळतं. ज्याच्या घरी तीन वर्षं थांबण्याइतके पैसे असतात, तो बऱ्या कामाची वाट पाहतो. ज्याचा हप्ता सुरू झालेला असतो, तो मिळेल ते घेतो.

मग माहितीपत्रकात काय बघायचं?

माहितीपत्रक बाजूला ठेवायचं. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला काही आकडे द्यावे लागतात आणि ते आपल्या संकेतस्थळावरही ठेवावे लागतात. त्यात तीन वर्षांच्या रांगा असतात: किती विद्यार्थी घेतले, किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढच्या शिक्षणाला गेले, आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक किती. हे आकडे महाविद्यालयानं स्वतःच भरलेले असतात, तेव्हा डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तरी सरासरीच्या आड लपलेलं बरंच काही इथे उघडं पडतं.

प्रवेश घेतलेले आणि मुदतीत उत्तीर्ण झालेले यांच्यातला फरक आधी बघा. मग उत्तीर्णांपैकी किती जणांना नोकरी लागली ते बघा, आणि मध्यक तीन वर्षांत हलला का ते बघा. तो साडेतीन लाखांवरच खिळलेला असेल, तर त्या महाविद्यालयातली बहुतेक मुलं पिरॅमिडच्या तळाला जात आहेत, मग पहिल्या पानावर ४४ लाखांचा फोटो कुणाचाही असो. कर्जाचा हप्ता या मध्यकावर मांडून बघा. प्लेसमेंट अधिकाऱ्याला भेटलात तर पॅकेजपैकी दरमहा खात्यात किती येतं, आणि गेल्या वर्षी पत्र मिळालेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, हे दोन प्रश्न विचारा. नोकरीचं पत्र देऊन रुजू करून घ्यायला वर्ष-वर्ष लावल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत बऱ्याच झाल्या आहेत.

एनआयआरएफचा दुवा बऱ्याच महाविद्यालयांच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतो. तिथे शोधा.